शून्याचं टोक

मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या या व्यवसायातले माझे पहिले सहा महिने टेपचं शून्याचं टोक धरण्यात गेले. सर खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी उभे राहायचे, माप वाचायचे, वहीत टिपायचे. मी अलीकडच्या कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून टेपची पत्ती भिंतीला टेकवून धरायची. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेल्या मुलीला हे काम कमीपणाचं वाटायचं. एकदा न राहवून विचारलं, "सर, आज मी वाचू का?" त्यांनी वहीतून मान वर केली नाही. म्हणाले, "वाचणारा चुकला तर वहीत सापडतो गं. शून्य धरणारा चुकला तर कुठेच सापडत नाही. सगळी मापं चुकतात आणि सगळी बरोबर दिसतात."

हे आता आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षापासून माझ्याकडे एक मुलगा शिकायला येतो. घर, जमीन, दुकान यांचं मूल्यांकन करणारी नवी माणसं घडतात कशी, हा प्रश्न त्याच्यामुळे रोज माझ्यासमोर उभा राहतो. त्याआधीची बारा वर्षं मी तो टाळत आले होते.

लोकांना वाटतं, व्हॅल्युअर म्हणजे भाव सांगणारा माणूस. भाव काय, कोणीही सांगतं. शेजारी सांगतो, एजंट सांगतो, विकणारा तर छातीठोकपणे सांगतो. आम्ही जे शोधतो त्याची व्याख्या जगभर साधारण एकच आहे. विकणारा स्वखुशीने विकतोय, घेणारा स्वखुशीने घेतोय, दोघांनाही मालमत्तेची नीट माहिती आहे, कोणावर सक्ती नाही, मालमत्ता पुरेसे दिवस बाजारात होती आणि दोघांचं आपसांत नातंगोतं किंवा हितसंबंध नाहीत, अशा व्यवहारात त्या दिवशी किती रक्कम ठरली असती? असा व्यवहार बहुतेक वेळा झालेलाच नसतो. तो डोळ्यांसमोर उभा करायचा असतो, आणि त्याला पुराव्याचा आधार द्यायचा असतो. तुलनात्मक व्यवहार, बांधकामाचा खर्च वजा घसारा, भाड्याच्या उत्पन्नावरून काढलेलं मूल्य, हे तीन रस्ते कुठल्याही अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात शिकवतात. सूत्रं अवघड नाहीत. त्या सूत्रांत कोणता आकडा घालायचा आणि त्या आकड्यावर आपला स्वतःचा विश्वास किती, हे मात्र अभ्यासक्रमाच्या बाहेर राहतं.

साडेआठ इंचांची गोष्ट सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

शून्य धरण्यातून सुटका झाल्यावर सरांनी मला एक जुनं दुमजली घर एकटीने मोजायला दिलं. मी आतून सगळ्या खोल्या मोजल्या, बाहेरून घर मोजलं, संध्याकाळी ऑफिसात येऊन नकाशा काढायला बसले. आतल्या खोल्यांची लांबी आणि मधल्या-बाहेरच्या सगळ्या भिंतींची जाडी यांची बेरीज बाहेरच्या लांबीशी जुळायला हवी. जुळेना. साडेआठ इंच कमी पडत होते. मी तीनदा बेरीज केली. मग जे केलं ते लिहायला आजही जड जातं. दोन भिंतींची जाडी मी कागदावर थोडी थोडी वाढवली आणि नकाशा बंद केला.

सरांनी नकाशा पाहिला, दोन भिंतींवर पेन्सिलीने गोल केले आणि विचारलं, "या भिंती मोजल्यास?" मी गप्प. ओरडले नाहीत. "सकाळी जाऊ," एवढंच म्हणाले.

सकाळी ते थेट मागच्या खोलीत गेले आणि बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत निघाले. बाजूची भिंत भरीव वाजली. मागची पोकळ. खिडकीच्या चौकटीपाशी वाकून पाहिलं तर सगळा उलगडा झाला. मूळ भिंतीच्या आत साडेचार इंची विटांची नवी भिंत उभी केली होती आणि दोन्हींमध्ये चार इंच जागा सोडली होती. त्या फटीत टॉर्च धरून सरांनी मला बघायला लावलं. मूळ भिंत जोत्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत काळी पडली होती, गिलावा सुटून लोंबत होता, आणि तिथून येणारा ओल्या मातीचा वास मला अजून आठवतो. घरात बरीच वर्षं पाणी मुरत होतं. कोणीतरी ते दुरुस्त न करता त्याच्यासमोर भिंत घातली होती, तिला सुंदर रंग दिला होता, आणि मी त्या रंगाचं कौतुक माझ्या टिपणात लिहिलं होतं.

परत येताना सर म्हणाले, "बेरीज जुळली नाही तर घर काहीतरी सांगत असतं. तू त्याचं तोंड दाबलंस."

तो धडा मला एका सकाळीच मिळाला, पण त्यासाठी सरांची ती सकाळ खर्ची पडली. तिचे पैसे त्यांना कोणी दिले नाहीत. उलट एका कामाच्या फीमध्ये त्या घराच्या दोन फेऱ्या झाल्या. नवी माणसं का तयार होत नाहीत याची चर्चा व्यावसायिकांच्या बैठकांतून होते तेव्हा तरुणांना मेहनत नको, त्यांना झटपट पैसा हवा, असं बोललं जातं. मला ते पटत नाही. अडचण आमच्या बाजूला आहे. शिकाऊ माणूस घेतला की पहिली दीड-दोन वर्षं काम हलकं होत नाही, वाढतं. त्याने मोजलेलं पुन्हा मोजावं लागतं, त्याने लिहिलेलं पुन्हा लिहावं लागतं. रिपोर्टवर सही माझी, म्हणजे त्याची चूकही माझीच. कर्ज देणाऱ्या काही संस्था तर अट घालतात की सही करणाऱ्यानेच जागेवर जायला हवं. मग शिकाऊ माणूस सोबत नेला काय आणि न नेला काय, माझा वेळ वाचत नाही. एवढं करून तो तयार झाला की स्वतःचं ऑफिस थाटतो, आणि ते त्याने थाटायलाच हवं. हा हिशेब मांडून मी बारा वर्षं कोणाला घेतलं नाही. व्यवहार म्हणून हिशेब बरोबर होता. पण माझ्या सरांनी तो माझ्या बाबतीत मांडला असता तर मी आज या व्यवसायात नसते.

हा पेच सगळीकडचा आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या देखरेखीखालच्या कर्जव्यवहारांसाठी मूल्यांकनकारांना परवाना सक्तीचा झाला तो १९८९ च्या कायद्यानंतर. त्याआधीच्या काही वर्षांत तिथल्या बचत आणि गृहकर्ज संस्था एकामागून एक कोसळल्या होत्या, आणि फुगवलेली मूल्यांकनं हे त्यामागच्या कारणांपैकी एक होतं. आज तिथे राहत्या घरांसाठीच्या परवान्याच्या 'प्रमाणित' पातळीला अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली १,५०० तास काम लागतं. सर्व प्रकारच्या मालमत्तांसाठी ३,००० तास लागतात, तेही किमान १८ महिन्यांत विभागलेले. आधी राहत्या घरांसाठी २,५०० तासांची अट होती, ती २०१८ मध्ये खाली आणली. ब्रिटनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स ही संस्था १८६८ पासून आहे. तिथे उमेदवाराला प्रत्यक्ष कामाचा तपशील मांडावा लागतो आणि शेवटी परीक्षकांसमोर तासभर तोंडी परीक्षा द्यावी लागते. तास कमी करा, जास्त करा, परीक्षा लेखी घ्या नाहीतर तोंडी, एक गोष्ट बदलत नाही. कोणीतरी अनुभवी माणसाने आपले तास द्यावे लागतात. अमेरिकी नियम सांगतो की एका देखरेख करणाऱ्याकडे एका वेळी साधारणपणे जास्तीत जास्त तीन शिकाऊ असावेत. पण निदान एक तरी घ्या, असं कोणताच नियम सांगू शकत नाही.

त्यात आता आणखी एक गोष्ट घडते आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते.

मी शिकले ती कशावर? सोप्या घरांवर. एकाच नकाशाची, एकाच वर्षी बांधलेली, रांगेतली घरं. दहा घरांपैकी चार गेल्या वर्षभरात विकली गेलेली. फरक एवढाच की एकाला कोपऱ्याची जागा, एकाला वरचा मजला, एकाचं स्वयंपाकघर नवं. अशा घरांवर चुकलं तरी फार चुकत नाही, आणि चूक लगेच दिसते. कोपऱ्याच्या जागेला बाजार किती जास्त देतो, हे मी चाळीस-पन्नास कंटाळवाण्या घरांवरून शिकले. तो कंटाळाच माझी तालीम होती. नेमकी हीच घरं आता संगणक हाताळतो. व्यवहारांची नोंद भरपूर आणि घरं एकसारखी, तिथे स्वयंचलित मूल्यांकन चांगलं चालतं, स्वस्तात होतं, काही सेकंदांत होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही, मीही पडताळणीसाठी वापरते. पण त्यामुळे माणसाकडे उरतात ती अवघड कामं. वाटणीच्या वादातलं घर, अर्धवट बांधलेली इमारत, बंद पडलेला कारखाना, ज्याच्यासारखं दुसरं आसपास विकलंच गेलेलं नाही असं काहीतरी. अवघड कामाला तयार माणूस लागतो, आणि माणूस तयार होतो सोप्या कामावर. खालच्या पायऱ्या काढून घेतलेल्या जिन्याशी आपण नव्या मुलांना उभं केलंय आणि वर या म्हणतोय.

म्हणून माझ्या शिकाऊ मुलाला मी सोपी घरं मुद्दाम देते. कोणी मागितलेली नसताना. जुन्या फाइली काढते, रिपोर्टचं शेवटचं पान माझ्याकडे ठेवते आणि उरलेली कागदपत्रं त्याला देते. तो आपला आकडा काढतो. मग माझं पान त्याच्यासमोर ठेवते. यात माझ्या आठवड्याचा एक पूर्ण दुपारचा वेळ जातो.

शेवटचं पान काढून ठेवणं महत्त्वाचं का, तेही सांगते. १९८७ मध्ये ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना आणि मालमत्तेच्या अनुभवी एजंटांना एक खरं घर दाखवलं, भरपूर माहिती दिली. घर एकच, माहितीही तीच. फक्त मागितलेली किंमत वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सांगितली. ज्यांना मोठी किंमत सांगितली त्यांचा अंदाज वर गेला, ज्यांना लहान सांगितली त्यांचा खाली आला. अनुभवी एजंटांचंही तेच झालं. विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी तरी मान्य केलं की त्या किमतीचा आपल्यावर परिणाम झाला. एजंटांपैकी बहुतेकांनी ते मान्य केलं नाही.

मी हे वाचलं तेव्हा सरांची एक सवय एकदम उजेडात आली. जागा पाहून झाली की ते गाडी सुरू करायचे नाहीत. खिशातून दोन कोरे कागद काढायचे, एक मला द्यायचे. "बोलायचं नाही. लिही." दोघांनी आपापला आकडा लिहायचा, मग कागदांची अदलाबदल करायची. त्यांचा आकडा आधी कळला असता तर माझा त्याच्याभोवतीच घुटमळला असता, हे त्यांना कुठल्याही प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. आणि माझा आधी कळला असता तर त्यांचाही घुटमळला असता, हेही ते मान्य करत होते. फरक किती चालेल, असं मी एकदा विचारलं. १९७७ सालच्या एका इंग्लिश खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की दोन सक्षम मूल्यांकनकारांत योग्य आकड्याच्या दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, अपवादात्मक स्थितीत पंधरापर्यंत. सरांना तो निकाल माहीत होता. ते म्हणाले, "कोर्ट दहा टक्के माफ करतं. कारण सांगता आलं नाही तर मी एकही करत नाही."

बाहेरच्या आकड्याचं ओझं प्रत्यक्ष कामात किती असतं हे नव्या मुलांना कोणी आधी सांगत नाही. फोन येतो, आवाज गोड असतो. "एवढ्यात बसवायचंय हो, बघा जरा." माझ्या चौथ्या वर्षी एका कर्ज देणाऱ्या संस्थेच्या माणसाने मला असाच आकडा सांगितला. मी जागा पाहिली, माझा आकडा बराच खाली आला, तो लिहिला. त्या संस्थेचं काम मला पुन्हा मिळालं नाही. त्या महिन्यात ऑफिसचं भाडं कसं भरायचं या चिंतेने मी रात्र रात्र जागी असायची. मी एकटीच अशी नव्हते, हे फार उशिरा कळलं. अमेरिकेत २००० ते २००७ या काळात सुमारे ११,००० मूल्यांकनकारांनी एका निवेदनावर सह्या करून सरकारला कळवलं होतं की कर्ज देणारे आमच्यावर किमती फुगवण्यासाठी दबाव आणतात आणि जे ऐकत नाहीत त्यांना काम देणं बंद करतात. पुढच्याच वर्षी तिथला गृहकर्जांचा फुगा फुटून काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. म्हणून असा फोन आला की मी आता तो स्पीकरवर टाकते. मुलगा समोर बसलेला असतो. मी काय उत्तर देते, आणि ते देताना माझा आवाज थोडा कापतो, तेही त्याने ऐकावं असं मला वाटतं. नाही म्हणताना भीती वाटते, हे त्याला पुस्तकातून कळणार नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की जुन्या गुरूच्या मागे चालत राहावं म्हणजे झालं. तसं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर घडलेली गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

मुलगा एका घराच्या तुलनात्मक व्यवहारांचा तक्ता करत होता. त्याने विचारलं, "मॅडम, रेल्वे रुळांच्या पलीकडच्या घरांना आपण सरसकट आठ टक्के वजा का करतो?" मी म्हणाले, तिकडे रंगाचा कारखाना आहे, वास येतो. तो म्हणाला, "मी काल तिथे तासभर होतो. वास आला नाही." मी सरांच्या वह्या काढल्या. त्यांच्या नीटस अक्षरात ते आठ टक्के लिहिलेले होते. मी ते उचलले होते आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये तसेच उतरवत आले होते. कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली होती. मी त्या रस्त्यावर कितीतरी वेळा गेले, पण नाकाने वास घ्यायच्या आधीच वहीने मला तो दिला होता. त्या सात वर्षांत रुळांपलीकडच्या किती कुटुंबांना माझ्या सहीमुळे कर्ज कमी मिळालं असेल? मी फाइली मोजल्या. चौदा. ज्यांना ज्यांना कळवणं शक्य होतं त्यांना मी पत्रं लिहिली.

गुरूकडून विद्या येते तशी त्याची आंधळी जागाही येते. माझ्या बाबतीत तो कारखान्याचा वास होता. याच्या कितीतरी पट भयंकर गोष्टी या व्यवसायाने पिढ्यान् पिढ्या पुढे दिल्या आहेत. १९३३ मध्ये शिकागोच्या जमिनीच्या किमतींवर लिहिताना होमर हॉइट या अभ्यासकाने वंशांची आणि राष्ट्रीयत्वांची यादी दिली, कोणाच्या राहण्याने भाव चढतो आणि कोणाच्या राहण्याने पडतो या क्रमाने. पुढच्या काही वर्षांत अमेरिकी सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्जासाठी धोक्याच्या ठरवलेल्या भागांत गेल्या. मूल्यांकन शिकणारी तरुण मुलं ते व्यवसायाचं ज्ञान म्हणूनच शिकत होती. हातात टेप होती, तक्ता होता, सगळ्या बेरजा जुळत होत्या. शून्यच चुकीच्या जागी धरलेलं होतं.

त्यामुळे आत येणारी माणसं वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या वस्त्यांतून यायला हवीत, हे मला आता पूर्वीपेक्षा जास्त पटतं. आजवर हा व्यवसाय बराचसा ओळखीवर चालला. वडील व्हॅल्युअर म्हणून मुलगा व्हॅल्युअर, नाहीतर काका, नाहीतर वडिलांचे मित्र. माझीही शिफारस शेजारच्या एका गृहस्थांनी केली होती. ज्याला असा कोणी नाही त्याने देखरेख करणारा शोधायचा कुठे? अमेरिकेत २०२१ पासून नियमांनी एक पर्याय मान्य केला आहे. संगणकावर उभ्या केलेल्या घरांवर, मार्गदर्शकाच्या सोबतीने, पूर्ण रिपोर्ट तयार करत अनुभवाची अट भागवता येते. मी आधी नाक मुरडलं होतं. पडद्यावरची भिंत वाजवता येत नाही, तिला वास नसतो. पण दार उघडायला ओळख लागत नाही, ही गोष्ट लहान नाही. मला वाटतं, अशा अभ्यासातून आलेल्या मुलाला कोणीतरी पहिली पन्नास खरी घरं हाताला धरून दाखवावीत. ते आमचं काम.

काल आम्ही एका घरी गेलो होतो. लेझर मीटर पिशवीत होता, पण मागच्या खोलीत काचेची मोठी दारं आहेत आणि काचेवर त्या किरणाचा भरवसा धरता येत नाही. मी टेप काढली. तो सवयीने खाली बसायला निघाला, हात पुढे करून. मी टेपचं डबडं त्याच्या हातात दिलं आणि पत्ती ओढत कोपऱ्यात गेले. गुडघे आता पूर्वीसारखे वाकत नाहीत, बसायला जरा वेळ लागला. तिथे स्कर्टिंगच्या पट्टीवर गिलाव्याचा एक थेंब सुकून बसला होता. नखाने खरवडून काढला आणि पत्ती भिंतीला टेकवली.

"धरलंय," मी म्हणाले. "वाच."